इंदूरहून छोट्या एअरलाइननं जाताय? डोमेस्टिक, इंटरनॅशनल आणि चार्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला मी तिकिटांचं काम करते. लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग इकडची बरीच मराठी घरं माझ्याकडेच येतात, ग्वाल्हेर-बडोद्याचे नातेवाईकही फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि फोनवर घाईत सांगितलं की निम्मं राहून जातं, म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतेय. बुकिंगच्या आधी वाचा, नंतर नाही.

रीजनल एअरलाइन म्हणजे काय? तिचं तिकीट घ्यावं का?

मधल्या-छोट्या शहरांमध्ये फिरणारी छोटी कंपनी ती रीजनल एअरलाइन. तिकीट घ्यावं, मी स्वतः लोकांना घ्यायला सांगते, कारण मधल्या शहरांना थेट जोडतात तर ह्याच कंपन्या, नाहीतर मुंबई किंवा दिल्लीला वळसा घालून अख्खा दिवस जातो. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मोठ्या कंपनीकडे शेकडो विमानं असतात, एक बिघडलं तर दुसरं येतं. छोट्या कंपनीकडे मोजकी असतात आणि एकच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत चार-पाच गावं करत फिरतं, एसटीची एकच गाडी दिवसभर फेऱ्या मारते तसं. सकाळी पहिल्या गावाला धुकं असलं आणि तासभर उशीर झाला की तो उशीर संध्याकाळपर्यंत प्रत्येक फेरीला चिकटून येतो. म्हणून जमेल तेव्हा दिवसाची पहिली फ्लाइट घ्या. आणि मुलाखत, ऑपरेशन, लग्नाचा मुहूर्त असं काही असेल तर आदल्या दिवशीच पोचा, त्याच दिवशीची फ्लाइट मी तरी काढून देत नाही.

पंख्याचं विमान असतं म्हणे, सेफ असतं का?

हो. बहुतेक वेळा ते एटीआर ७२ असतं, फ्रान्समधल्या तुलूझला बनतं, सत्तरेक सीटचं, दोन इंजिनांचं. पंखा बाहेर दिसतो म्हणून जुनं वाटतं पण आतमध्ये जेटसारखंच टर्बाइन असतं. कमी अंतराला डिझेल, म्हणजे विमानाचं इंधन हो, बरंच कमी लागतं आणि धावपट्टी छोटी असली तरी चालतं, म्हणून छोट्या गावांना हेच पाठवतात. जेटपेक्षा खालून उडतं त्यामुळे पावसाळ्यात हलतं जास्त, आवाजही जास्त, आणि ज्यांना मळमळतं त्यांनी विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) जवळची सीट मागावी, तिथे हलणं कमी जाणवतं. मधली सीट नसते, दोन-दोनच्या रांगा. चढायचं मागच्या दारानं, शिडीवरून, एअरोब्रिज मिळत नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसांसाठी हे आधीच लक्षात घ्या.

पैसे देऊन घेतलेली सीट ऐनवेळी बदलली, असं कसं?

छोट्या विमानात वजनाचा तोल फार सांभाळावा लागतो. माणसं कमी असली की सगळी एकाच बाजूला बसलेली चालत नाहीत, पुढेमागे हलवावी लागतात. त्यात भांडण्यासारखं काही नाही. पण सीटचे वेगळे पैसे घेतले असतील तर ते परत मागा.

उडानमध्ये २५०० रुपयात तिकीट मिळतं ना? मला तर महाग दाखवतंय.

उडान ही छोट्या शहरांना स्वस्तात विमानानं जोडायची सरकारी योजना, २०१६ ची, पहिली फ्लाइट २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडाली. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २५०० ची मर्यादा होती, नंतर ती महागाईप्रमाणे वाढत गेली. आता मेख अशी की ही मर्यादा विमानातल्या सगळ्या सीटना नसते, साधारण निम्म्या सीटनाच असते, बाकीच्या बाजारभावानं. म्हणजे आधी येईल त्याला स्वस्त. आणि त्या रूटला सरकार जी मदत देतं ती ठरावीक काळच, साधारण तीन वर्षं, त्यानंतर कंपनीनं स्वतःच्या जोरावर चालवायचं. मग विमान भरत नसेल तर रूट बंद होतो. "अहो मागच्या वर्षी तर थेट फ्लाइट होती" असं लोक म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

चार महिन्यांनंतरच्या लग्नाचं तिकीट आत्ताच काढू का?

वेळापत्रक वर्षात दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तुमची तारीख त्या रविवारच्या पलीकडे असेल तर छोट्या कंपनीची वेळ किंवा वार बदलण्याची शक्यता धरूनच चाला. रोजची फ्लाइट आठवड्यातून तीनदा होते, सकाळची दुपारी जाते. नवीन शेड्यूल आलं की परत एकदा बघून घ्या, मेसेज येईल म्हणून थांबू नका.

ओळखपत्र कोणतं? मुलांचं काय?

आधार, व्होटर कार्ड, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही एक, ओरिजिनल. व्हॉट्सॲपवरचा आधारचा फोटो गेटवर चालत नाही, मोबाइलमधलं एम-आधार ॲप चालतं. आईवडलांबरोबर लहान मूल असेल तर गेटवर त्याचं ओळखपत्र लागत नाही, पण दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर जन्माचा दाखला जवळ ठेवा, काउंटरवर वयाचा पुरावा मागतात. डिजियात्रा, म्हणजे कागद न दाखवता चेहऱ्यावरून आत सोडायची सोय, इंदूरला २०२४ पासून आहे. सकाळच्या गर्दीत बरी पडते, पण ती घ्यायलाच पाहिजे असं काही नाही.

किती वाजता निघायचं?

काउंटर बहुतेक कंपन्यांचं तासभर आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. राजवाड्याकडून बिजासनला जायला सकाळी वेळ लागत नाही पण संध्याकाळी बडा गणपतीच्या पुढे गाडी सरकत नाही, तेव्हा डोमेस्टिकला दोन तास आणि इंटरनॅशनलला तीन तास आधी तिथे असाल असं निघा. छोट्या कंपनीचे काउंटर एक नाहीतर दोनच असतात हेही लक्षात ठेवा.

सामानात काय चालतं? घरचं खायचं नेता येतं ना?

साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, पण अगदी छोट्या विमानांना याहून कमी असतं, तिकिटावर लिहिलेलंच खरं. एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात, चाकांची कडक बॅग आत जात नाही, कापडी बॅग घ्या.

सेव, चकल्या, लाडू खुशाल हातात न्या. लोणचं, तूप, ओली चटणी चेक-इनमध्ये टाका आणि दोन पिशव्यांत बांधा. तिखट आणि मसाल्याची पूड हातात नको. सुकं खोबरं मात्र चेक-इनमध्ये अजिबात नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये धरतात, आणि हातात नेलं तरी सिक्युरिटीला काढून ठेवतात. ओटीच्या सामानातून खोबऱ्याची वाटी घरीच काढून ठेवा. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातच, चेक-इनमध्ये टाकली तर तुमचं नाव पुकारून बॅग उघडायला लावतील. २०,००० एमएएचपर्यंतची चालते.

पेणहून गणपती आणणारे दरवर्षी विचारतात. कंपन्या हातातल्या बॅगेचं माप साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर धरतात, मूर्ती पॅकिंगसकट तेवढ्यात बसत असेल तर हातात न्या. मोठी असेल तर विमानाच्या भानगडीत पडू नका, चेक-इनमध्ये शाडूची मूर्ती टिकत नाही. तबला-डग्गा चेक-इनला जातो पण कडक केसमध्ये. तानपुऱ्यासाठी वेगळी सीट घ्यावी लागते आणि ती कंपनीला फोन करूनच मिळते.

मुंबईचं तिकीट स्वस्त मिळतंय, घेऊ का?

आधी कोणतं मुंबई ते बघा. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. वाशी, पनवेल, खारघरला जायचं असेल तर नवा उत्तम. पण दादर-बोरिवलीला उतरायचंय आणि तिकीट एनएमआयचं असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात आणि वर दोन तास.

आई एकटीच येणार आहे, ७४ वर्षांची, पहिल्यांदाच विमानात. काय करू?

बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा, निदान दोन दिवस आधी तरी. चालता येत असलं तरी ज्यांना लांब चालणं, रांगेत उभं राहणं होत नाही त्यांनी मागायला काही लाजायचं नाही. माणूस सोबत येतो, सिक्युरिटी, गेट सगळं पार करून देतो. शिडी चढता येते की नाही तेही सांगा, एटीआरला त्याप्रमाणे सोय करावी लागते. तिकिटात आईचा स्वतःचा मोबाइल नंबर टाका, तुमचा दुसरा म्हणून द्या. औषधं हातातल्या पर्समध्ये, बॅगेत नाही. आणि एका चिठ्ठीवर पीएनआर, फ्लाइट नंबर आणि घ्यायला कोण येणार त्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या, फोनची बॅटरी संपली तरी ती चिठ्ठी कामाला येते.

फ्लाइट रद्द झाली किंवा खूप लेट झाली तर मला काय मिळतं?

हे नीट वाचा कारण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याचे नियम सगळ्या भारतीय कंपन्यांना सारखे लागू आहेत, कंपनी छोटी म्हणून सूट नाही.

फ्लाइट रद्द केली तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. क्रेडिट शेलच (पैशांऐवजी पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडे जमा रक्कम) घ्या अशी जबरदस्ती करता येत नाही. वेळेत कळवलं नाही तर वर भरपाईसुद्धा: तासाभरापर्यंतच्या फ्लाइटला ५००० रुपये, एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७५००, त्याहून मोठीला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन चार्ज, यातलं जे कमी असेल ते. उशीर दोन तासांचा झाला की कमी वेळाच्या फ्लाइटला खाणंपिणं द्यावंच लागतं, मागा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड. रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट सहा तासांहून जास्त लांबली तर हॉटेल. तिकीट कन्फर्म असून ओव्हरबुकिंगमुळे चढू दिलं नाही आणि तासाभरात सुटणारी दुसरी फ्लाइटही दिली नाही, तर भरपाई मूळ भाडं आणि इंधन चार्जच्या दुप्पट किंवा चौपट, जास्तीत जास्त १०,००० किंवा २०,०००.

दोन अटी आहेत. धुकं, वादळ, एटीसीची (विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलची) अडचण, संप असं कारण असेल तर रोख भरपाई मिळत नाही, पण रिफंड किंवा दुसरी फ्लाइट तरीही मिळते. दिल्लीचं डिसेंबर-जानेवारीतलं धुकं यातच येतं. आणि दुसरी, तिकिटात तुमचा खरा फोन नंबर नसेल तर भरपाईचा हक्क जातो. बरेच एजंट सगळ्या तिकिटांवर स्वतःचाच नंबर टाकतात, मेसेज त्यांना जातो आणि तुम्ही विमानतळावर उभे. मला हे अजिबात पटत नाही, एजंट कोणीही असो, तुमचा नंबर टाकायला लावा आणि तिकीट हातात आल्यावर तपासा.

मीच गेलो नाही, नॉन-रिफंडेबल तिकीट होतं. सगळे पैसे बुडाले?

नाही. विमानतळाचे चार्जेस आणि टॅक्स, म्हणजे यूडीएफ, पीएसएफ वगैरे, परत मिळतात, फ्लाइट चुकली असली तरी. मागावे लागतात एवढंच. तिकीट कॅन्सल करायचा चार्ज मूळ भाडं आणि इंधन चार्ज याहून जास्त घेता येत नाही, आणि रिफंड करायचा वेगळा चार्ज कंपनीला लावता येत नाही. स्वस्त तिकिटात टॅक्सचाच वाटा मोठा असतो, तेव्हा हे पैसे सोडू नका.

इंदूरहून थेट परदेशात जाता येतं?

१५ जुलै २०१९ ला इंदूरहून पहिली आंतरराष्ट्रीय फ्लाइट गेली, दुबईला. नंतर शारजाहची आली. शारजाहहून दुबई रस्त्यानं जवळ आहे, त्यामुळे दुबईला जायचं असलं तरी शारजाह बघाच. बाकी सगळीकडे मुंबई-दिल्लीवरून.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:३५ असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री जायचं. मी हे प्रत्येकाला तोंडी सांगते आणि कागदावरही लिहून देते.

नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं, तिकडे पासपोर्टच धरायचा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर यूएईच्या व्हिजिट व्हिसाला अडचण येते, २०२२ पासून ते एकच नाव असलेला पासपोर्ट घेत नाहीत, तिकिटाच्या आधी व्हिसावाल्याला विचारा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी.

दुबई-शारजाहला फराळ नेऊ का?

न्या, पण खसखस नको. अगदी चिमूटभरही नको. यूएईत खसखस बंदी असलेल्या वस्तूंत आहे आणि त्यासाठी लोकांना अटक झालेली आहे. आपण माळव्यातली माणसं, मंदसौर-नीमचची खसखस घरात कायम असते, त्यामुळे तो पदार्थ गुन्ह्यात जाऊ शकतो हे डोक्यातच येत नाही. अनारसे म्हणजे तर वरून खसखसच लावलेली. लेकीला दिवाळीचा डबा पाठवताय तर त्यातून अनारसे बाहेर काढा. घरी केलेल्या गोड्या मसाल्यात किंवा काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही नको, लाडवांवर लावली असेल तर तेही नको. शंकरपाळे, चिवडा, चकली न्या. औषधांचंही तसंच आहे, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांवर तिकडे बंधनं आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी हवीच आणि काही औषधांना आधी परवानगीही घ्यावी लागते.

इंदूर-मुंबई छोट्या कंपनीनं आणि पुढे दुसऱ्या कंपनीनं परदेशात, चालेल?

एकाच पीएनआरवर असेल तर चालेल, पहिली लेट झाली तर पुढची सोय त्यांची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिल्या कंपनीला तुमच्या दुसऱ्या फ्लाइटशी काही देणंघेणं नाही, बॅगही मुंबईला काढून परत द्यावी लागेल. अशा वेळी मध्ये निदान सहा तास ठेवा, पावसाळ्यात एक रात्र. येताना मुंबई किंवा दिल्लीत बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर यायचं आणि मग इंदूरच्या फ्लाइटला परत द्यायच्या, त्याला अडीच-तीन तास लागतात.

पुणे आणि ग्वाल्हेरला फोटो काढू नका म्हणतात ते का?

पुण्याचं लोहगाव आणि ग्वाल्हेरचं महाराजपुरा दोन्ही वायुसेनेची, प्रवासी टर्मिनल फक्त बाजूला. उतरताना, चढताना खिडकीतून व्हिडिओ काढू नका, मुलांच्या हातातला फोनही बंद करायला लावा.

लग्नासाठी चार्टर किंवा हेलिकॉप्टर करायचंय, खर्च कसा धरतात?

उडायच्या तासांवर. पण विमान इंदूरला उभं नसतं, बहुतेक मुंबई किंवा दिल्लीहून रिकामं येतं आणि रिकामं परत जातं, ते तासही तुमच्याच बिलात. बरेच ऑपरेटर दिवसाला किमान दोन तास धरतात, उडालात अर्धा तास तरी. त्यावर लँडिंग, पार्किंग, रात्रभर थांबलं तर पायलटचा मुक्काम, आणि १८ टक्के जीएसटी. तेव्हा कोटेशन "सगळं धरून" लेखी घ्या, तोंडी आकड्यावर ॲडव्हान्स देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेटरकडे डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट आहे का ते बघा आणि जे विमान येणार त्याचा व्हीटीनं सुरू होणारा नंबर त्या परमिटमध्ये आहे का तेही. एखाद्या कंपनीचं स्वतःच्या वापराचं खाजगी विमान भाड्यानं देता येत नाही. कुणी ओळखीत स्वस्तात देतो म्हणाला तर नाही म्हणा, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

हेलिकॉप्टरला गावात उतरवायचं तर कलेक्टर ऑफिसची परवानगी, मोकळी सपाट जागा, फायर ब्रिगेडची गाडी आणि ॲम्ब्युलन्स लागते. निदान पंधरा दिवस आधी अर्ज करा. सूर्यास्तानंतर उडत नाही, त्यामुळे वरात लांबली की नवरी-नवरदेव मोटारीनंच जाणार, घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मांडव आणि कनाती हेलिपॅडपासून लांब बांधा, पंख्याच्या वाऱ्यानं सगळं उडतं.

आणि पन्नास-साठ वऱ्हाडी असतील तर अख्खं विमान घेण्याआधी ग्रुप बुकिंग विचारा. दहाच्या वर माणसं असली की नेहमीच्या फ्लाइटला वेगळा भाव मिळतो, थोडी रक्कम भरून सीट धरता येतात आणि नावं नंतर देता येतात.

पेशंटला तातडीनं मुंबईला न्यायचंय.

बसू शकत असेल तर नेहमीच्या फ्लाइटला डॉक्टरांचा फॉर्म भरून नेतात, पण स्ट्रेचर छोट्या विमानात सहसा घेत नाहीत. एअर ॲम्ब्युलन्स चार्टरनं महाग पडते, तेव्हा आधी हे बघा: मध्य प्रदेश सरकारची पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स २०२४ पासून सुरू आहे आणि आयुष्मान कार्ड असेल तर फुकट. हॉस्पिटलनं कळवायचं, सीएमएचओच्या (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या) शिफारशीवर मंजुरी होते. हॉस्पिटलला ठणकावून विचारा, अजून बऱ्याच लोकांना ही सोय ठाऊकच नाही.

अस्थी विमानातून नाशिकला नेता येतात का?

येतात. मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती जवळ ठेवा, कलश धातूचा असेल तर एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही, म्हणून पिशवीत किंवा लाकडी डब्यात न्या. कंपनीला आधी फोन करून सांगा. सिक्युरिटीवाल्यांना हळू आवाजात सांगितलं की ते बाजूला घेऊन तपासतात, सगळ्यांसमोर उघडायला लावत नाहीत.

छोटी कंपनी बंदच पडली तर?

मोठ्याही पडतात, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला आणि गो फर्स्ट ३ मे २०२३ ला उडायचं थांबलं. तिकीट क्रेडिट कार्डनं काढा, फ्लाइटच गेली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो. रोख दिलेल्या पैशाला ती सोय नाही. म्हणून नवीन कंपनीचं तिकीट सहा महिने आधी मी काढत नाही, स्वस्त असलं तरी.

बॅग आलीच नाही. तक्रार कुठे करू?

विमानतळाबाहेर पडायच्या आधी, पट्ट्याजवळच कंपनीच्या माणसाकडून पीआयआर नावाचा रिपोर्ट लिहून घ्या आणि त्याचा नंबर घ्या. बाहेर पडलात की सिद्ध करणं अवघड. डोमेस्टिकला बॅगेची भरपाई माणशी २०,००० पर्यंतच मिळते, म्हणून दागिने आणि पैठणी चेक-इनमध्ये टाकू नका. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर कंपनीच्या नोडल ऑफिसरला ईमेल, प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर त्याचं नाव आणि पत्ता असतो. तिथेही काही झालं नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर पीएनआर आणि पीआयआर नंबर टाकून तक्रार करा, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. बोर्डिंग पास फाडू नका, टॅगची चिठ्ठीसुद्धा ठेवा, दोन्ही मागतात.